अ‍ॅडेलचा पहिला अल्बम ‘१९’: साथ कमी तिथे गाणं भारी

ब्रिटिश गायिका अ‍ॅडेलचा हा अल्बम पहिल्यांदाच ऐकत असाल तर गाजलेल्या ‘चेसिंग पेव्हमेंट्स’ने सुरुवात करू नका. सरळ शेवटच्या, बाराव्या गाण्यावर जा: ‘होमटाउन ग्लोरी’. पियानोची एकच चाल फिरत राहते आणि तिच्यावर एका मुलीचा जाड, किंचित खरखरीत आवाज अलगद येऊन बसतो. ही चाल आणि हे शब्द तिने सोळाव्या वर्षी लिहिलेत. ते एकदा शांतपणे ऐकून झालं की पहिल्या गाण्यावर परत या आणि क्रमाने पुढे जा. कान आधी असा लागला की गाणं कुठे तिचं आहे आणि कुठे स्टुडिओचं आहे, हे आपोआप कळायला लागतं. ‘१९’ या अल्बमबद्दल बोलण्यासारखं जे काही आहे, ते बहुतेक याच फरकात आहे.

अ‍ॅडेल ५ मे १९८८ ची, लंडनच्या टॉटनम भागातली. क्रॉयडनच्या ब्रिट स्कूल या कलाशाळेतून २००६ मध्ये बाहेर पडली. तिथे केलेले डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं, एका मित्राने मायस्पेस या संकेतस्थळावर टाकली होती. ती ऐकून एक्सएल रेकॉर्डिंग्ज या कंपनीने तिला गाठलं आणि त्याच वर्षी करार झाला. अल्बम २८ जानेवारी २००८ ला ब्रिटनमध्ये आला आणि विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, म्हणून नाव ‘१९’. बारा गाणी, पाऊण तासाला थोडा कमी वेळ.

आता श्रेयनामावली जरा बारकाईने बघा, कारण अल्बमची चावी तिथेच आहे. बारापैकी सहा गाणी अ‍ॅडेलने एकटीने लिहिली आहेत: ‘डेड्रीमर’, ‘बेस्ट फॉर लास्ट’, ‘क्रेझी फॉर यू’, ‘फर्स्ट लव्ह’, ‘माय सेम’ आणि ‘होमटाउन ग्लोरी’. तीन गाणी तिने एग व्हाइटबरोबर लिहिली आणि त्यांची निर्मितीही त्यानेच केली: ‘चेसिंग पेव्हमेंट्स’, ‘मेल्ट माय हार्ट टू स्टोन’, ‘टायर्ड’. ‘कोल्ड शोल्डर’ निर्माता मार्क रॉन्सनच्या हातचं. उरलेल्या आठही गाण्यांची निर्मिती जिम अ‍ॅबिसने सांभाळली आहे आणि तिची एकटीची सहाच्या सहा गाणी त्या आठांत येतात. अ‍ॅबिसचा हात कमी चालतो. गाण्याला काय हवंय ते बघून तो तेवढंच ठेवतो. व्हाइटला मोठं, भरलेलं, साठच्या दशकातल्या सोल-पॉपची आठवण करून देणारं चित्र आवडतं. दोघेही आपापल्या कामात तरबेज आहेत. पण एकोणीस वर्षांच्या या आवाजाला कुणाची संगत जास्त मानवते, याचं उत्तर अल्बमभर ऐकू येतं, आणि ते अ‍ॅबिसच्या बाजूने आहे.

पहिलंच ‘डेड्रीमर’ घ्या. बोटांनी छेडलेली अकूस्टिक गिटार आणि आवाज, एवढंच. ढोल नाही, स्ट्रिंग्ज म्हणजे व्हायोलिनसारखी तारवाद्यं नाहीत. नव्या गायिकेचा अल्बम इतक्या उघड्या गाण्याने सुरू करायला धाडस लागतं, कारण लपायला जागाच नसते. आवाज माइकच्या अगदी जवळ आहे. ओळ संपताना ती सूर तोडत नाही, हळूच सोडते, आणि शेवटच्या अक्षरात हवा मिसळते. इंग्रजी उच्चार तिने मुद्दाम घासूनपुसून घेतलेले नाहीत. शब्दाच्या मधला किंवा शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा घशातच गिळला जातो, ‘ल’ ओठांकडे सरकून ‘ओ’सारखा होतो. लंडनमध्ये वाढलेल्या मुलीचं रोजचं बोलणं सुरात आलंय, असं वाटतं. त्या काळात सोल गायचं म्हणजे अमेरिकन उच्चार ओढून आणायचे, अशी बऱ्याच ब्रिटिश गायकांची समजूत होती. अ‍ॅडेलने सूर एटा जेम्स या अमेरिकन सोल गायिकेकडून घेतला, हे तिने स्वतःच अनेकदा सांगितलंय, पण बोली मात्र आपलीच ठेवली. म्हणून प्रेमभंगाची तीच ती कहाणी इथे ओळखीच्या माणसाने सांगितल्यासारखी वाटते.

दुसरं ‘बेस्ट फॉर लास्ट’ हे माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात दुर्लक्षित गाणं. सुरुवातीला फक्त बेस गिटार आणि आवाज. हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गिटारची सगळ्यात खालची उघडी तार सेकंदाला साधारण ४१ कंपनांची असते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला इतक्या खालचे सूर झेपतच नाहीत. तिथे बेसच्या जागी नुसती टकटक ऐकू येते आणि गाणं अर्धवट वाटतं. बरेच जण हे गाणं वगळून पुढे जातात ते बहुधा यामुळेच. कानात नीट बसणारे साधे इअरफोन लावले तरी चित्र पालटतं: खाली गोल, जाड सूर आणि वर ती, मधली सगळी जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत ती शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते. नंतर मागचे आवाज चर्चमधल्या वृंदासारखे उठतात, ठेका येतो, आणि तोपर्यंत थट्टेत चाललेलं गाणं गंभीर होतं. एका वाद्याने सुरू करून इथपर्यंत येताना कुठेही घाई नाही.

तिसरं ‘चेसिंग पेव्हमेंट्स’. ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं आणि फेब्रुवारी २००९ च्या ग्रॅमी सोहळ्यात तिला सर्वोत्कृष्ट पॉप गायिकेचा पुरस्कार मिळवून देणारं गाणं. त्याच रात्री सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा पुरस्कारही तिलाच मिळाला. इथे एग व्हाइटने स्ट्रिंग्जचा मोठा ताफा लावलाय आणि इथे तो शोभतो. गाण्यातली मुलगी ठरवू शकत नाहीये: सोडून द्यावं, की कुठेच न पोचणाऱ्या वाटेमागे धावत राहावं? अंतऱ्यात साथ दबकी आहे. मुखड्यावर येताच व्हायोलिनं वर चढतात आणि तिचा प्रश्न त्यांच्याबरोबर वर जातो. प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून ती चढण पुन्हा पुन्हा येते. गाण्याची रचना आणि शब्दांचा अर्थ एकाच दिशेला चाललेत. शेवटाकडे मात्र मुखड्याची आवर्तनं जरा जास्त होतात आणि तिच्या दोन ओळींमधला श्वासाचा अवकाशही स्ट्रिंग्ज भरून टाकतात. तो अवकाश रिकामा सोडला असता तर प्रश्न अजून टोचला असता.

‘मेल्ट माय हार्ट टू स्टोन’मध्ये हीच खोड जास्त जाणवते. चाल उत्तम आहे, शब्दांतला संताप आणि लाचारी एकाच ओळीत येतात, आणि गळाही पूर्ण लागलाय. पण साथ सुरुवातीपासूनच मोठी असल्यामुळे पुढे वाढायला जागा उरत नाही. सगळंच मोठ्याने बोललं की त्यातलं महत्त्वाचं कोणतं, ते कळत नाही. हे गाणं स्टुडिओत वाईट गायलं गेलंय असं अजिबात नाही. ते झाकलं गेलंय, एवढंच. पुढे डिलक्स आवृत्तीबद्दल सांगताना त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

‘कोल्ड शोल्डर’ची गोष्ट वेगळी. रॉन्सनने ठेका जलद आणि कोरडा ठेवलाय, इलेक्ट्रिक कीबोर्ड आणि तुटक स्ट्रिंग्ज त्याच्याशी झटापट करतात. अल्बममध्ये अंग हलवायला लावणारं गाणं जवळपास हे एकच. प्रियकराच्या थंड वागण्याचा राग आहे आणि ठेका त्या रागाला धार लावतो. हेडफोनवर नुसत्या ड्रमकडे लक्ष देऊन एकदा ऐका, मग नुसत्या आवाजाकडे लक्ष देऊन. ड्रम पुढे ओढत असतात आणि ती मागे रेलून गात असते. गाण्यातला ताण या ओढाताणीतून येतो. एकच अडचण: आवाज मधल्या पट्टीत कोंबल्यासारखा झालाय, त्याचा तळ ऐकू येत नाही. ‘बेस्ट फॉर लास्ट’नंतर लगेच लावलं तर हे फार जाणवतं.

‘क्रेझी फॉर यू’ पुन्हा गिटार आणि आवाज. लहानसं, साधं, पहिल्या वेडाचं गाणं. ‘फर्स्ट लव्ह’ मात्र जमलेलं नाही. सेलेस्टा या पियानोसारख्या वाद्याच्या, खेळण्यातल्या घंटीसारख्या सुरांवर एक संथ निरोप आहे. कल्पना सुंदर, पण चाल एकाच जागी घुटमळते. साथ कमी असली की गाणं आपोआप चांगलं होतं, असा गैरसमज होऊ नये म्हणून हे सांगतोय. साथ काढून घेतली की चालीला एकटीने उभं राहावं लागतं, आणि ही चाल उभी राहत नाही. त्यात ती अल्बमच्या मध्यावर आल्यामुळे पुढच्या ‘राइट अ‍ॅज रेन’ची वाट बघायला लागते. ते गाणं आलं की मात्र हायसं वाटतं. त्याच्या लेखकांमध्ये लिऑन मिशेल्स आणि निक मॉव्हशन ही न्यूयॉर्कच्या सोल वर्तुळातली नावं आहेत आणि ते ठेक्यावरून लगेच कळतं: सैल, डुलणारा, घाम न गाळणारा ठेका. सगळं सुरळीत असलं की त्यात काय मजा, असं काहीसं खट्याळपणे म्हणणारं गाणं आहे आणि अ‍ॅडेल ते जवळजवळ हसत गाते. ‘माय सेम’ एका मैत्रिणीबद्दल आहे: तू अशी, मी तशी, तरी आपण दोघी एकच. जॅझचा झोका आहे, शब्दांची उडवाउडवी आहे. ‘टायर्ड’बद्दल फार सांगण्यासारखं नाही, नीटस पॉप आहे आणि ऐकून झाल्यावर लक्षात राहत नाही.

नववं गाणं ‘मेक यू फील माय लव्ह’ हे अल्बममधलं एकमेव परकं गाणं. मूळ रचना अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांची, १९९७ ची. मॅनेजरच्या आग्रहाने अ‍ॅडेलने ते घेतलं. ब्रिटनमध्ये अल्बम येऊन दोन वर्षं होऊन गेल्यावर, २०१० मध्ये, हे गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. आज अल्बममधलं सर्वांत जास्त गायलं जाणारं गाणं कोणतं, असं विचारलं तर उत्तर बहुधा हेच येईल. घरी पियानो किंवा कीबोर्ड असलेला जवळपास प्रत्येक जण यावर कधी ना कधी हात आजमावतो, म्हणून याच्यावर थोडं थांबू.

तिची पट्टी काळी पाच, लय मिनिटाला साधारण ७२ ठोके. सगळी गंमत डाव्या हातात आहे. काळी पाच हा षड्ज धरला तर कडव्यात खालचा सूर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम असा अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जातो. वरची चाल जवळपास जागच्या जागी बोलल्यासारखी आहे आणि पायाखालची जमीन एकेक पायरी खचत चाललीय. गाण्यातला दिलासा आणि भीती एकत्र जाणवतात त्या या उतरणीमुळे. वाजवणारे इथे दोन चुका हमखास करतात. पहिली म्हणजे डाव्या हाताने पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, दाबणं. मग उतरणारा सूर गर्दीत हरवतो आणि नुसते कॉर्ड बदलल्यासारखं वाटतं. डाव्या हातात एकच सूर ठेवा, फार तर त्याचंच खालचं सप्तक जोडा, आणि बाकीचा कॉर्ड उजव्या हाताला द्या. दुसरी चूक सूर लांबवणाऱ्या पायाखालच्या पेडलची. शेजारशेजारचे अर्धे सूर एकाच पेडलमध्ये अडकले की एकमेकांवर घासतात आणि सगळं गढूळ होतं. कॉर्ड बदलला की पेडल उचला, नवा खालचा सूर वाजला की पुन्हा दाबा. एवढं केलं तरी निम्मं गाणं जागेवर येतं. रेकॉर्डवर पियानो नील काउलीचा आहे आणि ‘होमटाउन ग्लोरी’तलाही त्याचाच. दोन्हीकडे तो किती कमी वाजवतो, तेच ऐकण्यासारखं आहे.

गाणाऱ्यांसाठी पट्टीची गोष्ट. तिची पट्टी धरून बसू नका. पहिली ओळ खालच्या, बोलण्याच्या आवाजात आरामात आली पाहिजे. ती जिथे येईल ती तुमची पट्टी. इथे मुखडा असा वेगळा नाहीच. कडवी आहेत आणि मध्ये एक चढता टप्पा आहे, तेवढाच काय तो जोराचा. पहिल्या कडव्यातच जोर लावला तर त्या टप्प्यासाठी काही शिल्लक राहत नाही. हरकतीही जपून घ्या. अ‍ॅडेल इथे बहुतेक सूर सरळ धरते आणि ओळ संपताना एखादीच लहानशी वळणाची जागा घेते. ओळीओळीला मुरक्या घातल्या की धीर देणारं गाणं कसरत वाटू लागतं.

तिच्या वरच्या, जोरकस जागांची नक्कल करताना तर जास्तच सांभाळायला हवं. ती छातीतून येणारा भरीव आवाज बराच वरपर्यंत नेते आणि मग एकदम तो मोडून हलका, पोकळ सूर लावते. ऐकणाऱ्याला तो मोड म्हणजे हुंदका वाटतो. नवशिक्या गळ्याने तो भरीव आवाज ढकलत वर नेला की मान ताठ होते, हनुवटी वर जाते, स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात आणि तासाभरात घसा बसतो. गाऊन झाल्यावर साधं बोलताना आवाज घोगरा येत असेल तर तो थांबण्याचा इशारा समजा आणि पट्टी उतरवा. खुद्द तिलाही पुढे स्वरतंतूतल्या रक्तस्रावामुळे २०११ मध्ये कार्यक्रम रद्द करावे लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

आता पुन्हा ‘होमटाउन ग्लोरी’. अल्बमच्या आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, हे गाणं पेसमेकर या छोट्या लेबलवर सात इंची रेकॉर्ड म्हणून आलं होतं, फक्त ५०० प्रती. जन्म टॉटनमचा असला तरी दक्षिण लंडनमधला वेस्ट नॉरवुड हा तेव्हाचा तिचा भाग. शिक्षणासाठी लंडन सोडून बाहेर जा, असं आई म्हणत होती आणि मुलीला ते मान्य नव्हतं. त्या वादातून गाणं निघालं. गाण्यात ती आपल्या भागात नुसती चालत जाते. कुणीतरी विचारतं, हरवलीस का, मदत हवी का? ती नको म्हणते. बस, एवढंच घडतं. आईशी झालेल्या भांडणाचा सरळ उल्लेख कुठेही नाही, पण त्या एका नकारात तो सगळा येतो. मग शहर येतं, रस्त्यावरची माणसं येतात, सरकारपुढे एकत्र उभी राहिलेली माणसं येतात. पियानोची चाल आपली तशीच फिरत असते, जणू चालणाऱ्याची पावलं. स्ट्रिंग्ज इथेही आहेत, पण त्या उशिरा आणि खालून येतात, आणि त्या आल्याचं आपल्याला जरा वेळाने लक्षात येतं. ‘मेल्ट माय हार्ट टू स्टोन’मध्ये ज्या वाद्यांनी तिला झाकलं, तीच वाद्यं इथे तिला उचलून धरतात. फरक कधी यायचं आणि किती यायचं, याचा आहे. शेवटी शब्द संपतात आणि ती नुसत्या स्वरांवर गात राहते. इतक्या लहान वयात आपल्या गल्लीबद्दलचं इतकं नेमकं, इतकं अभिमानी गाणं लिहिणारी मुलगी पुढे काय करेल याचा अंदाज यायला हे एकच गाणं पुरेसं होतं.

‘२१’ हा तिचा पुढचा अल्बम आधी ऐकून इकडे येणाऱ्यांसाठी एक सूचना. तो अल्बम जानेवारी २०११ चा. त्यातले ढोल मोठे, राग मोठा, गाणी थेट मैदान भरून टाकणारी. ती अपेक्षा घेऊन ‘१९’ लावला तर पहिली वीस मिनिटं हे फारच लहान वाटेल. आवाज थोडा वाढवा, खोली शांत असू द्या आणि गाण्यांचा क्रम बदलू नका. आपोआप क्रम उलटसुलट करणारी सोय बंद ठेवा, कारण उघडी गाणी आणि भरलेली गाणी आलटूनपालटून ठेवण्यात थोडा विचार आहे. मधल्या ‘फर्स्ट लव्ह’ला अडखळायला होतं, तेवढं गाणं वगळलंत तरी चालेल.

शब्दांबाबत एक खरी तक्रार आहे. सहा-सात गाण्यांमध्ये एकच मुलगा, एकच दार, एकच वाट बघणं फिरून येतं. एकोणिसाव्या वर्षी जग तेवढंच असतं हे मान्य, पण सलग ऐकताना प्रतिमा संपल्यासारख्या वाटतात. म्हणूनच ‘माय सेम’मधली मैत्रीण आणि ‘होमटाउन ग्लोरी’मधलं शहर इतकं मोकळं वाटतं. अशी अजून दोन गाणी असती तर हा अल्बम कितीतरी वर गेला असता.

विकत घ्यायचा असेल तर साध्या आवृत्तीऐवजी डिलक्स घ्या. तिच्यात दुसरी सीडी आहे: लॉस एंजेलिसच्या हॉटेल कॅफेमध्ये झालेला अकूस्टिक कार्यक्रम. छोटी जागा, मोजकी वाद्यं, स्ट्रिंग्जचा ताफा नाही. आधी पहिल्या सीडीवरचं ‘मेल्ट माय हार्ट टू स्टोन’ लावा आणि लगेच दुसऱ्या सीडीवरचं. चाल तीच, शब्द तेच. पण आता दोन ओळींच्या मधली जागा रिकामी आहे आणि पुढची ओळ गाण्याआधी ती थांबते तेव्हा आपणही तिच्याबरोबर थांबतो.